नॉमिनीकडून फ्लॅट घेताय? आधी बहिणीची सही बघा

वाचकाचं पत्र :

नमस्कार ताई,

मी वारज्यात भाड्यानं राहते, शाळेत शिक्षिका आहे. यजमान चाकणला कंपनीत आहेत. कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीतला दोन बेडरूमचा फ्लॅट आम्हाला पसंत पडलाय, किंमत ७८ लाख. विकणाऱ्या दादांच्या वडिलांनी तो १९९४ मध्ये बिल्डरकडून स्वतःच्या नावावर घेतला होता. वडील २०१७ मध्ये वारले, आई तीन वर्षांपूर्वी गेल्या. नॉमिनी म्हणून दादांचं नाव होतं, त्यामुळे शेअर सर्टिफिकेट आता त्यांच्या नावावर आहे. बहीण लग्न होऊन अमेरिकेत असते. ‘मला त्यातलं काही नको’ असं ती फोनवर बोलली म्हणे. एजंट काका म्हणतात, नॉमिनेशन आहे, सर्टिफिकेट आहे, अजून काय हवं? पाच लाख रोख टोकन द्या, नोटरी करून टाकू, दुसरी पार्टी तयारच बसलीय. करारात ६६ लाख दाखवायचे, १२ लाख ‘वरचे’. बँकेनं कर्ज मंजूर करायची तयारी दाखवली आहे, म्हणजे कागद चोखच असतील ना? सोसायटी ट्रान्सफरचे एक लाख मागतेय. पार्किंगचे दादा वेगळे तीन लाख सांगतायत. आणि घर फक्त माझ्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटी कमी पडते, हे खरं का?

— वारज्याची एक वाचक

उत्तर :

तुमच्या पत्रात सहा-सात प्रश्न आहेत, पण त्यातला खरा प्रश्न एकच आहे आणि तो तुम्ही ओझरता विचारलाय. तो बहिणीचा. बाकीचे प्रश्न पैशांचे आहेत, थोडे इकडेतिकडे झाले तरी निभावून नेता येतील. बहिणीची सही नसेल तर मात्र तुम्ही ७८ लाख देऊन अर्धा फ्लॅट आणि एक कोर्टकेस विकत घ्याल.

एजंट काका म्हणतात ते पुण्या-मुंबईतल्या निम्म्या सोसायट्यांत खरं मानलं जातं. नॉमिनी म्हणजे मालक, असा एक समज वर्षानुवर्षं चालत आलाय. कायदा तसं म्हणत नाही. नॉमिनेशन सोसायटीच्या सोयीसाठी असतं. सभासद गेल्यावर मेंटेनन्स कुणाकडून घ्यायचा, नोटीस कुणाला पाठवायची, एवढा प्रश्न त्यानं सुटतो. इंद्राणी वाही प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितलं की वैध नॉमिनेशन असेल तर सोसायटीनं भाग (शेअर्स) नॉमिनीच्या नावावर करायलाच हवेत. हा निकाल पुष्कळ लोक अर्धाच वाचतात. त्याच निकालात असंही म्हटलंय की कुटुंबातल्या इतरांना आपला वारसाहक्क सिद्ध करायला वाट मोकळी आहे. पुढे २०१९ मध्ये महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं, आणि त्यात नॉमिनीला फक्त तात्पुरता सभासद करून घ्यायचं, खरे वारस ठरेपर्यंत, अशी तरतूद झाली. दादांचं नाव बहुधा त्याआधी चढलं, म्हणून सर्टिफिकेटवर ‘तात्पुरता’ हा शब्द दिसणार नाही. त्यानं मालकीत फरक पडत नाही. शेअर सर्टिफिकेट सोसायटीतल्या सभासदत्वाचा पुरावा आहे. फ्लॅट वडिलांचा होता आणि वडिलांच्या मागे तो वारसांचा झाला.

वारस कोण? दादांच्या कुटुंबाला हिंदू वारसा कायदा लागू होतो असं धरून चालते. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्या स्वकष्टार्जित फ्लॅटमध्ये पत्नी, मुलगा, मुलगी यांना समान वाटा, म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश. आई मृत्युपत्राविना गेल्या असतील तर त्यांचा वाटाही दोन्ही मुलांत सारखा. आज हिशेब झाला निम्मा-निम्मा. इथं कुणीतरी तुम्हाला सांगेल की मुलींना हक्क २००५ नंतर मिळाला, आणि हिचं लग्न तर कधीच झालंय. २००५ ची दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीबद्दल होती. वडिलांनी स्वतः कमावलेल्या घरात मुलीचा वाटा १९५६ पासूनच मुलाइतका आहे. लग्नानं तो जात नाही, आणि तिनं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तरी जात नाही.

आता एक प्रश्न जो कुणी विचारत नाही, तो तुम्ही दादांना विचारा. २०१७ मध्ये वडील गेले त्या दिवशी त्यांची आई, म्हणजे दादांची आजी, हयात होती का? हिंदू पुरुषाची आईसुद्धा पहिल्या वर्गातली वारस असते. ती हयात असेल तर चार वाटेकरी होतात, आणि पुढे ती गेली असेल तर तिचा पाव हिस्सा तिच्या सगळ्या मुलांकडे, म्हणजे दादांच्या काका-आत्यांकडेही जातो. गावाकडच्या ज्या आत्याला हा फ्लॅट कुठल्या मजल्यावर आहे हेही ठाऊक नाही, तिचीही सही लागू शकते. आजीच्या मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख बघितली की पाच मिनिटांत निकाल लागतो. वडिलांचं किंवा आईचं मृत्युपत्र आहे का हेही त्याच बैठकीत विचारून घ्या, कारण ते असेल तर वरचा सगळा हिशेब बदलेल.

‘मला काही नको’ हे फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून स्थावर मिळकतीतला हक्क सुटत नाही. त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. बहीण आज खरंच निरिच्छ असेल. पण उद्या भावाशी वाजलं तर? किंवा तिच्यामागे तिच्या मुलांनी मागितलं तर? तेव्हा दाव्यात प्रतिवादी म्हणून दादांच्या शेजारी तुमचंही नाव असेल. ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ हा बचाव तुम्हाला मिळणार नाही. वरवरच्या मालकाकडून प्रामाणिकपणे, नीट चौकशी करून घेणाऱ्याला कायदा थोडं संरक्षण देतो. पण बहीण आहे हे तुम्हाला माहीत आहे, इतकं की तुम्ही ते मला लिहून पाठवलंय.

मार्ग दोन आहेत. तिला खरोखर पैसे नको असतील तर तिनं भावाच्या नावे हक्कसोडपत्र करावं. वारसानं आलेला हिस्सा मोबदला न घेता भावाला सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं, त्यामुळे खर्चाचं कारण कुणी सांगू नये. त्यासाठी तिनं विमानानं यायलाच हवं असं नाही. तिथल्या भारतीय दूतावासात किंवा नोटरीसमोर या एकाच कामापुरतं कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीनं सही करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) करून ते इकडे पाठवता येतं. नोटरीकडे केलं तर त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का, करून घ्यायला सांगा. ते इथं पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही मुदत लोक हमखास विसरतात आणि कागद ऐन नोंदणीच्या दिवशी अडकतो. मुखत्यार म्हणून मामा, चुलतभाऊ, कुणीही चालेल, फक्त दादा स्वतः नकोत. बहिणीच्या वतीनं हक्क सोडणारा आणि तो हक्क घेणारा एकच माणूस असला की पुढे वादाला तोंड फुटतं.

दुसरा मार्ग म्हणजे तिला पैशात वाटा हवा असेल तर तिनं दादांच्या बरोबरीनं विक्रेती म्हणून करारात यावं. यात तुमच्या डोक्यावर एक जास्तीची जबाबदारी येते. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर घेताना निवासी भारतीयाला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या नावे आगाऊ कापायचा आयकर) कापून सरकारकडे भरणं हे खरेदीदाराचं काम असतं. दादा एकटे विकत असतील तर ते ७८,००० रुपये होतात. विक्रेता अनिवासी असेल तर ती १ टक्क्याची सवलत नाही आणि ५० लाखांची मर्यादाही नाही. दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याचा दर सध्या साडेबारा टक्के, वर अधिभार आणि उपकर. आणि कमी कपातीचा दाखला तिनं आयकर खात्याकडून आणला नाही तर ही कपात नफ्यावर न होता तिच्या वाट्याच्या सगळ्या रकमेवर करावी लागते. ती केली नाही तर खातं तुमच्याकडे वसुलीला येईल. म्हणून हा मार्ग धरलात तर एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटला त्याचे पैसे द्या आणि त्याच्याकडूनच करून घ्या.

वारस एवढेच आहेत हे कशावरून मानायचं? आपल्याकडे दिवाणी न्यायालयातून वारस दाखला मिळतो, त्याला १८२७ सालचा एक जुना मुंबई विनियम आजही आधाराला आहे. पण त्यात महिनोन्‌महिने जातात. माझं मत विचाराल तर सगळे वारस स्वतःहून सही करत असतील तर प्रतिज्ञापत्र, मृत्यूचे दाखले, जुनं रेशनकार्ड आणि नुकसानभरपाईची हमी यांवर काम भागतं. बँकेचे वकील दाखल्यावर अडून बसले तर मात्र दादांना तो काढावाच लागेल, तोही त्यांच्या खर्चानं.

बँकेचं म्हणाल तर ‘कर्ज मंजूर म्हणजे कागद चोख’ यावर फार विसंबू नका. तुमचा पगार बघून दिलेलं ते प्राथमिक पत्र आहे, फ्लॅटचे कागद अजून बँकेनं पाहिलेलेच नाहीत. पुढे पाहिले तरी बँकेचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघतो, आणि बुडवायची वेळ आली तर तुमचा पगार बँकेच्या हाताशी आहेच. स्वतःचा वकील करा आणि त्याच्याकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे या मिळकतीच्या जुन्या नोंदींच्या तपासणीचा अहवाल, घ्या. तोवर तुम्ही स्वतःही नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये वर्ष, गाव आणि मिळकत क्रमांक टाकून बघू शकता. या फ्लॅटवर आधी कुणाशी करार झालाय का, गहाणाची नोंद आहे का, हे सूची क्रमांक दोनमध्ये (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) दिसतं. जुन्या नोंदी सगळ्याच तिथं सापडतात असं नाही, म्हणून ते सर्चऐवजी नाही, सर्चच्या आधी.

१९९४ चा मूळ करारनामा दादांकडे अस्सल आहे का, की झेरॉक्स? झेरॉक्स असेल तर अस्सल कुठे आहे हे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे सरकू नका. अस्सल कागद न सापडण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे तो कुठल्यातरी बँकेच्या तिजोरीत असणं. खरंच हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित प्रत, असा रस्ता आहे. जाहीर नोटीस तशीही द्या. एजंट लोकांना ती आवडत नाही, ‘उगाच कुणाला कशाला जागं करायचं’ म्हणतात. जागं करायलाच द्यायची असते ती. मात्र ज्या वारसाचं नाव-गाव तुम्हाला माहीत आहे त्याच्या सहीची जागा नोटीस घेऊ शकत नाही.

आता पाच लाख रोख आणि नोटरी. दोन्हीला स्पष्ट नाही म्हणा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मंजूर नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. तुमच्या बाजूनं बघितलं तर व्यवहार फिसकटल्यावर रोख दिलेले पाच लाख परत मागायला तुमच्याकडे काय असेल? नोटरीबद्दल एवढंच सांगते की नोटरी सही खरी असल्याचं सांगतो, मालकी देत नाही. शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानंच होते. कुणी ‘कुलमुखत्यारपत्रावर घर नावावर करून देतो’ म्हणालं तर तेही नको. मुखत्यारपत्रानं मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सूरज लॅम्प निकालात स्वच्छ सांगितलंय.

त्याऐवजी एजंट काकांना म्हणावं, चेकनं एक लाख देतो, विसार (बयाणा) पावती लिहू. पावतीत तीन गोष्टी ठसठशीत येऊ देत : पंचेचाळीस किंवा साठ, जे ठरेल तेवढ्या दिवसांत बहिणीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा तिची विक्रेती म्हणून सही, आमच्या वकिलाला कागद पसंत पडणं, आणि कर्ज प्रत्यक्ष मंजूर होणं. यातलं काही घडलं नाही तर विसार पूर्ण परत, कापाकापी न करता. मग नोंदणीकृत साठेखत (विक्री करण्याचा करार), कर्जाची रक्कम सुटताना खरेदीखत (प्रत्यक्ष विक्रीचा दस्त) आणि ताबा. साठेखतावर पूर्ण मुद्रांक शुल्क भरलं असेल तर खरेदीखताला ते पुन्हा भरावं लागत नाही. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत तो दुय्यम निबंधकांकडे नोंदणीला हजर करायचा, त्यानंतर दंड सुरू होतो. राहिली ती ‘दुसरी पार्टी’. मी वकिली सुरू केल्यापासून एकही फ्लॅट असा बघितला नाही ज्याला दुसरी पार्टी तयार नव्हती. दादांना विकायची घाई असेल तर बहिणीला फोन तेच करतील.

१२ लाख ‘वरचे’ हा प्रकार विकणाऱ्याच्या फायद्याचा आहे आणि धोका तुमचा. बेकायदा आहे हे तर आहेच. शिवाय बँक कर्ज ६६ लाखांवर मोजेल, म्हणजे रोखीचे १२ लाख तुम्हाला घरातून उभे करावे लागतील. मुद्रांक शुल्क कराराची रक्कम आणि सरकारी बाजारमूल्य दर यांत जे जास्त असेल त्यावर लागतं, त्यामुळे कमी दाखवून ते वाचेलच असं नाही. आणि पंधरा वर्षांनी तुम्ही हा फ्लॅट विकाल तेव्हा तुमची खरेदी किंमत ६६ लाखच धरली जाईल, दादांचा वाचलेला कर तेव्हा तुम्ही भराल.

तुमच्या नावाबद्दल : हो, खरं आहे. पुण्यात मुद्रांक शुल्क एकूण ७ टक्के आहे. राहतं घर फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर १ टक्का कमी. ७८ लाखांवर ५,४६,००० ऐवजी ४,६८,०००. नोंदणी फी वेगळी, ती ३०,००० रुपयांच्या वर जात नाही. यजमानांचं नाव जोडलं की सवलत गेली. पूर्वी अशा घराला पंधरा वर्षं पुरुषाला न विकण्याची अट होती, ती आता उठली आहे. पण हप्ते यजमान भरणार असतील तर मालकीत नाव नसताना त्यांना गृहकर्जाच्या करसवलती मागता येणार नाहीत, तेव्हा दोन्हीकडचा हिशेब मांडा. आणि खरं सांगू का, घर तुमच्या एकटीच्या नावावर असणं मला ७८,००० रुपये न वाचतासुद्धा आवडलं असतं.

सोसायटीच्या एक लाखाला कायद्यात जागा नाही. महानगरपालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) जास्तीत जास्त २५,००० रुपये, असं सरकारी परिपत्रक ऑगस्ट २००१ पासून आहे. त्याखेरीज हस्तांतरण फी ५०० आणि प्रवेश फी १००. बिल्डिंग फंड, ऐच्छिक देणगी, अशा कुठल्याही नावानं जास्त मागता येत नाही. समितीशी पहिल्याच दिवशी भांडू नका, पुढे तिथंच राहायचंय. परिपत्रकाची प्रत जोडून लेखी विनंती करा आणि मागणी त्यांच्याकडूनही लेखी मागा. लेखी म्हटल्यावर बहुतेक समित्या २५,००० वर येतात. नाही आल्या तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार. त्याच भेटीत आणखी तीन गोष्टी विचारा. इमारतीला भोगवटा पत्र (राहायला पालिकेची परवानगी) आहे का, जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी) सोसायटीच्या नावे झालंय का (नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय ते करून घेण्याचा अर्ज केलाय का), आणि पुनर्विकासाची बोलणी कुठवर आली आहेत. कोथरूडमध्ये तीस वर्षांची इमारत म्हटलं की तिसरा प्रश्न विचारायलाच हवा. विकसकाशी करार झाला असेल तर तो तुमच्यावरही बंधनकारक राहील, आणि स्वयंपाकघरात नव्या फरशा बसवून वर्षभरात घर रिकामं करायची पाळी येईल.

पार्किंगचे तीन लाख देऊ नका. मोकळी किंवा स्टिल्टखालची (इमारतीच्या खांबांमधली) पार्किंगची जागा बिल्डरलाही स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा नहालचंद निकाल आहे. ती सामाईक जागा असते आणि वाटप सोसायटी करते. दादांकडे सोसायटीचं वाटपपत्र असेल तर बघा, पण त्या वाटपाला विक्रीची किंमत नसते. तुम्ही सभासद झाल्यावर ती जागा तुमच्याकडे राहील की यादीतल्या पुढच्याला जाईल, हे समितीला करारावर सही करण्यापूर्वी विचारा. भिंतींचं, दाराचं बंदिस्त गॅरेज १९९४ च्या करारनाम्यात क्षेत्रफळासह लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी, मग करारनाम्याचं ते पान वकिलाला दाखवा आणि त्याची किंमत ७८ लाखांतच धरली आहे असं साठेखतात लिहून घ्या.